लोखंड खाणारी मंडळी

मी खाणीचं काम करते असं सांगितलं, की महाळुंग्याच्या आमच्या सोसायटीतले लोक आधी माझ्या हातांकडे बघतात. नखं स्वच्छ असतात. मग विचारतात, "पण मुळशीत खाण कुठे आहे?" नाहीच. खाण दुसऱ्या राज्यात आहे, कधीची बंद पडलेली, आणि तिचा दगड तेवढा पोत्यांतून घोटावड्याला आमच्या शेडमध्ये येतो. परभणीहून आई फोनवर अजूनही विचारते, "बाई, तू जमिनीखाली उतरत नाहीस ना?" मी म्हणते, आई, कुणीच उतरायचं नाही, त्यासाठीच तर हे सगळं चाललंय. तिला ते पटत नाही. खरं तर मलाही पहिलं वर्षभर पटलं नव्हतं.

सांगायला गोष्ट सोपी आहे. जमिनीत दोन खोल बोअर घ्यायच्या. एकीतून आंबट पाणी आत सोडायचं. ते दगडाच्या फटींतून वाट काढत तांबं विरघळवत जातं आणि दुसऱ्या बोअरमधून निळसर होऊन वर येतं. डोंगर फोडायला नको, सुरुंग नकोत. पण नुसत्या आंबट पाण्याला हा दगड दाद देत नाही. त्या पाण्यात लोखंडही लागतं, आणि दगडाशी झगडून ते लोखंड दमलं की त्याला पुन्हा ताजंतवानं करणारे जिवाणू लागतात. हे जिवाणू त्या लोखंडावरच जगतात. त्यांना भात नको, भाकरी नको, उजेडही नको. आमचे सर त्यांना 'मंडळी' म्हणतात.

सर म्हणजे शेडचे मालक. आधी भूगर्भशास्त्राची नोकरी केली, निवृत्त झाल्यावर घोटावड्याला ही शेड घेतली. मंडळींना त्यांनीच आणलं होतं. नोकरीत असताना एका जुन्या खाणीच्या तोंडाशी साचलेल्या लालसर पाण्यातून, चहाच्या थर्मासमध्ये भरून, मांडीवर ठेवून. तेव्हापासून त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी स्वतःच्या हातानं वाढवल्या. सरांना मूलबाळ नाही, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, आणि कुठे चार दिवस गावाला गेले तरी दुपारी फोन ठरलेला: खायला घातलंस का? आधी मला वाटायचं, माझ्या जेवणाची चौकशी आहे.

शेडमध्ये एक कडक नियम होता. टाक्यांपाशी गोड काही न्यायचं नाही. लोखंडावर जगणाऱ्या या जिवाणूंना साखर बाधते. आंबट पाण्यात साखर गेली की ते माना टाकतात. म्हणून चहा बाहेर, डबा बाहेर, फळं बाहेर. माझ्या मुलीच्या वाढदिवसाचे पेढे सरांनी फाटकाबाहेर उभं राहून खाल्ले होते आणि मग कोपरापर्यंत हात धुऊन आत आले होते. साफसफाईला येणाऱ्या मावशींना हा नियम म्हणजे निव्वळ सोवळं वाटायचा. मावशींचं माहेर मुठ्याच्या वर डोंगरातल्या वस्तीत, सासर घोटावड्याच्या अलीकडे. त्या म्हणायच्या, "आमच्या आज्यालाबी इतकं सोवळं नव्हतं."

खोल जमिनीत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आम्ही शेडमध्ये जमीन उभी करून ठेवली होती. माणसाहून उंच प्लास्टिकच्या नळ्या, आत दगडाचा चुरा, बाहेरून काळं कापड. प्रत्येक नळीला तिची टाकी आणि तिचा छोटा पंप. त्यातली कोपऱ्यातली नळी आमची लाडकी. तिच्यातूनच सगळ्यात आधी निळं पाणी आलं होतं. ज्या कंपनीसाठी आम्ही हे काम करत होतो, तिनं त्या निळ्या पाण्याचा व्हिडिओ बघूनच आम्हाला आणखी मुदत दिली होती.

आणि पावसाळा सरता सरता तीच नळी आळसावली. खालून धार यायची तिथे थेंब येऊ लागले. मी वरचं झाकण काढून चुऱ्यात बोट घातलं तर पिवळा साका, आणि त्यावर बुळबुळीत थर. मायक्रोस्कोपखाली पाहिलं. बुळबुळ मंडळींचीच होती. घर करून राहायला लागले की ते असा थर धरतात. आणि पिवळा साका म्हणजे त्यांनी ताजंतवानं केलेलं लोखंडच, जास्त झालं म्हणून जागोजागी बसलेलं. दगडातून तांब्याला वाट करून देणारे तेच, आणि वाट बुजवणारेही तेच.

इथे माझं डोकं फिरलं. मला सरळ उत्तरं आवडतात. चांगलं की वाईट, ठेवायचं की टाकायचं, एकदाचं काय ते सांगा. शेडमधली नळी उघडून धुता तरी येते. खऱ्या जमिनीतल्या फटी कोण धुणार? तिथे वाट बुजली की ती बोअर गेली. सकाळी वाटायचं, यांच्याशिवाय तांबं निघत नाही तर हे हवेतच. जेवून येईपर्यंत वाटायचं, हे असेपर्यंत पाणीच फिरणार नसेल तर निघालेल्या तांब्याचं करायचं काय? घरी नवऱ्याला सांगितलं. तो हिंजवडीत कॉम्प्युटरवर बसतो. म्हणाला, "बग आहे की फीचर, ते आधी ठरवा." मी त्याच्याशी संध्याकाळभर बोलले नाही.

त्यातच कंपनीचा निरोप आला. दसरा झाला की माणूस येऊन बघून जाईल. कोपऱ्यातली नळी वाहत नसेल तर जिवाणूंचा नाद सोडायचा, खाणीत नुसती रसायनं वापरायची, आणि मग आमच्या शेडची गरज नाही. एवढं स्पष्ट. शेड गेली तर मला दुसरी नोकरी मिळाली असती. मंडळींना मिळाली नसती. त्यांना नेऊन ठेवायला सरांकडे स्वयंपाकघराच्या ओट्याशिवाय जागा नव्हती.

सर म्हणाले, "तू सांग काय करायचं. माझा जीव अडकलाय त्यांच्यात, मला नीट दिसत नाही."

मी पुष्कळ वाचलं. एक जण लिहितो, जिवाणूंना कमी खायला घाला. दुसरा लिहितो, पाण्याचा आंबटपणा वाढवा. दोन्ही करून पाहिलं, थेंब आणखी मंदावले. शेवटी मीच म्हणाले, "सर, औषध घालूया. या नळीतले मारू, थर सुटेल, पाणी तरी वाहतं दाखवता येईल. बाकीच्या नळ्यांत तुमचे आहेतच." ते म्हणाले, "बरं." मी जंतुनाशकाची बाटली आणून मांडणीवर ठेवली. ती तशीच राहिली. बूचही उघडलं नाही. रोज मी बाटलीकडे बघायचे, मग त्यांच्याकडे बघायचे, आणि ते पंपाचा आवाज ऐकत बसल्यासारखं करायचे. मला त्यांचा राग यायचा आणि त्या रागाची लाजही वाटायची. यातलं कुठलं जास्त, ते आजही सांगता येणार नाही.

अशात खंडेनवमी आली. या दिवशी अवजारांची पूजा करायची आणि मग दिवसभर त्यांना हात लावायचा नाही. आमच्याकडे दरवर्षी त्यातून पळवाट असायची. मायक्रोस्कोपला आणि तराजूला झेंडूचे हार, हळदकुंकू, पण पंप चालूच. पंप थांबला तर मंडळींना हवापाणी कसं मिळणार? मावशींना हे कधीच आवडायचं नाही.

"वरीसभर राबतंय त्ये," त्या त्याही सकाळी कोपऱ्यातल्या नळीच्या पंपाकडे बोट दाखवत म्हणाल्या. "येक दिस तरी इसावा द्याल का न्हाई? बैलालाबी आमी देतो."

मी नेहमीचं उत्तर देणार तोच सर म्हणाले, "बंद कर गं तो पंप. मावशी बरोबर म्हणतायत."

मी तेवढा एक पंप बंद केला. त्या कोपऱ्यात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. बाहेर पावसाची सर येऊन गेली होती, फाटकाजवळचा दगड चिखलात बुडाला होता, म्हणून नारळ आत फोडायचा ठरलं. सरांनी तो कोपऱ्यातल्या नळीसमोरच्या लोखंडी स्टँडच्या कडेवर आपटला. नारळ चांगला फुटला. मावशींनी तांब्या पुढे केला. सर वळले, आणि वळताना त्यांच्या डाव्या हातातल्या नारळाच्या कवडीतलं पाणी त्या नळीच्या टाकीत गेलं.

टाकीचं झाकण पूजेसाठी काढून ठेवलं होतं. मी ओरडलेच, "सर, साखर!"

"अरेच्चा," सर म्हणाले. फक्त एवढंच. मग त्यांनी उरलेलं पाणी मावशींच्या तांब्यात ओतलं, खोबऱ्याचा तुकडा तोडून माझ्या हातावर ठेवला, आणि बाहेर जाऊन खुर्चीवर बसले. पेढ्यासाठी फाटकाबाहेर जाणारा माणूस! मला काही समजेना. टाकी लहान होती, एवढं गोड पाणी तिला पुष्कळ होतं, आणि पंप बंद असला तरी ते थेंबथेंब नळीत झिरपणारच होतं. टाकी रिकामी करू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "आज अवजाराला हात लावायचा नाही." मी खोबरं खाल्लं नाही, पर्समध्ये टाकलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पंप चालू केला तेव्हा मला नळीचं मढं बघायची तयारी होती. पाणी आलं. आधी गढूळ, मग लांबच लांब बुळबुळीत दोरे, मग धार. चांगली करंगळीएवढी धार. पण पांढरी! निळेपणाचा मागमूस नाही. म्हणजे वाट मोकळी झाली होती आणि काम थांबलं होतं. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी मावशींना हाक मारली.

"बगा!" मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "म्या किती येळा सांगितलं, इसावा द्या म्हून. आता चालली का न्हाई?"

दोनेक दिवसांत त्या धारेला अगदी फिकट निळी झाक आली. मायक्रोस्कोपखाली वेगळंच चित्र होतं. आमची बारीक काडीसारखी मंडळी विरळ झाली होती आणि त्यांच्यात दुसरेच कुणीतरी गुबगुबीत हिंडत होते. हे नारळातून आले नव्हते. एवढ्या आंबटात नारळातलं काही जगत नाही. हे आधीपासून तिथेच असणार, मूठभर, मंडळींच्या उष्ट्यावर जगणारे. आम्ही कधी मोजलेच नव्हते. या जातीला साखर चालते. आणि खायला मिळालं, हवा कमी झाली, की ही जात बसलेला पिवळा साका पुन्हा पाण्यात विरघळवते, हे पुस्तकात मला सापडलं. वाटलं, सापडलं उत्तर. मग लक्षात आलं, पंप दिवसभर बंद होता तेव्हा आतली हवा तशीही संपली असणार. नारळ पडलाच नसता तरी नुसत्या थांबण्यानं साका सुटला असता का? की मी आधी आंबटपणा वाढवला होता, त्याचा परिणाम आता दिसत होता? थोड्याच दिवसांत एकाच नळीत आम्ही इतकं काही करून बसलो होतो, की कुणाला काय श्रेय द्यावं तेच समजेना. नवरा नारळाच्या बाजूनं होता. मावशी विसाव्याच्या. मी ज्याच्याशी शेवटचं बोलेन त्याच्या बाजूची व्हायचे.

सर कुणाच्याच बाजूचे नव्हते. ते धारेखाली हात धरून उभे राहायचे आणि हात पुसून परत बाहेर जाऊन बसायचे. वाहणाऱ्या नळीचा त्यांना आनंद झालेला दिसला नाही. मला तेही समजलं नाही.

कंपनीकडून एक बाई आल्या. माझ्याहून लहान, नागपूरच्या, बोलायला सरळ. बुटांवर चिखल घेऊनच आत आल्या, धार पाहिली, रंग पाहिला, मायक्रोस्कोपला डोळा लावला, आणि विचारलं, "मागच्या महिन्यात तर ही बंद पडत आली होती. काय केलंत?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगावं याच्या मनात बऱ्याच तालमी केल्या होत्या. 'नियंत्रित विश्रांती' असा एक भारदस्त शब्दही तयार ठेवला होता. पण प्रत्यक्षात तोंडातून आलं ते असं: "खंडेनवमी होती म्हणून पंप दिवसभर बंद ठेवला. त्याच दिवशी टाकीत नारळाचं पाणी पडलं. कशानं झालं ते मला माहीत नाही. आधी वाटलं होतं मरतील."

त्या हसल्या नाहीत. टाकीवर वाकून आत डोकावल्या. मग म्हणाल्या, "पडलं, की ओतलं?"

मी "पडलं" म्हणायला तोंड उघडलं होतं. "ओतलं," सर म्हणाले.

मावशी फडकं हातात घेऊन दारात उभ्या होत्या, त्या आत आल्या.

"ही म्हणाली होती, मारावे लागतील," सर शांतपणे सांगू लागले. "बरोबरच म्हणाली होती. औषधाची बाटली आणूनही ठेवली हिनं. रोज उघडायला जायचो. ज्यांना इतकी वर्षं खायला घातलं, त्यांच्यावर ते ओतायचं माझ्यानं होईना. मग म्हटलं, मरायचेच आहेत, तर गोडानं मरू देत." त्यांनी चष्मा काढून पुसला. "एवढंच केलं मी. यात विज्ञान काही नाही. लिहायचं तर असंच लिहा."

मला एकदम रडू आलं. त्यांची कीव आली म्हणून की मला आधी सांगितलं नाही म्हणून, ते मला तेव्हाही वेगळं करता आलं नाही.  त्या बाईंनी खुर्ची ओढली आणि कामाचं बोलायला लागल्या. शेड चालू राहील, असं त्या म्हणाल्या. मात्र एक अट. हे योगायोगानं झालं की खरंच होतं, ते कळलं पाहिजे. बाकीच्या नळ्याही आता अशाच मंदावत होत्या. दुसरीतल्या मंडळींना नारळपाणी द्यायचं, पंप चालू ठेवून. तिसरीचा नुसता पंप बंद ठेवायचा. चौथीला काहीच करायचं नाही. कदाचित सगळ्याच नळ्या मरतील, असंही त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. "मेल्या तरी काहीतरी कळेल," त्या म्हणाल्या. सरांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी पिरंगुटहून नारळ आणला. या खेपेला पूजा नव्हती, फुलं नव्हती. पाणी मापाच्या काचेच्या भांड्यात काढून मी सरांपुढे धरलं. हे त्यांनीच करावं असं मला वाटत होतं. त्यांनी भांडं घेतलं, टाकीपर्यंत गेले, झाकण उचललं, आणि तिथेच उभे राहिले. भांड्यातलं पाणी हलत होतं. त्यांचा हात इतका थरथरत होता, की पाणी काठावरून त्यांच्या मनगटावर सांडलं.

"त्या दिवशी हात अजिबात हलला नव्हता गं," ते म्हणाले. "मरणारच आहेत असं ठरवून ओतलं होतं. आज जगतील, असं वाटतंय."

मी त्यांच्या हाताखाली माझा हात धरला आणि आम्ही ते पाणी टाकीत ओतलं.